मागच्या बाकांवरची माणसे

(हीरक महोत्सवी मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



महोत्सवाच्या तयारीत वर्षभर पालक मला एकच प्रश्न विचारीत आले : "बाई, मराठी माध्यमातल्या मुलाला अकरावी-बारावीचे इंग्रजी झेपेल का?" नर्मदेच्या उत्तरेला मराठी शाळा चालविणाऱ्यांना हा प्रश्न टाळता येत नाही. इंग्रजीची शिक्षिका म्हणून आज मी त्याचे उत्तर देऊ इच्छिते.

प्रथम माझी चूक सांगते. माझ्या तासाला मराठी शब्द उच्चारायचा नाही, असा नियम मी अनेक वर्षे पाळला. हेतू चांगला होता. पण मुले इंग्रजी बोलू लागली नाहीत, उलट प्रश्न विचारायची थांबली. गाइडमधली उत्तरे पाठ झाली. गुण मिळाले, साहित्य मात्र वर्गात आलेच नाही.

तो नियम एका धड्याने मोडला. बारावीच्या 'फ्लेमिंगो' या पाठ्यपुस्तकातला पहिला धडा, 'द लास्ट लेसन', हा आल्फाँस दोदे या फ्रेंच लेखकाच्या कथेचा अनुवाद आहे. 1870-71 च्या युद्धानंतर अल्सास जर्मनीकडे गेला आणि शाळांतून फ्रेंच हद्दपार झाली. फ्रेंचच्या अखेरच्या तासाला गावातले वृद्ध मागच्या बाकांवर येऊन बसतात. हामेल गुरुजी केवळ हुकमाला दोष देत नाहीत. पालकांनी आणि आपण स्वतः केलेली हेळसांडही कबूल करतात. धडा संपताच एक मुलगी मराठीत म्हणाली, "बाई, ही आपल्याच शाळेची गोष्ट वाटते." मी तिला अडविले नाही. उरलेला तास मराठीत वाद झाला. दुसऱ्या दिवशी आलेल्या इंग्रजी उत्तरांत शुद्धलेखनाच्या चुका होत्या. पण प्रथमच ती मुलांची स्वतःची उत्तरे होती.

मराठीची वाट अशीच दुहेरी आहे. आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट'ला 'विकारविलसित' केले. केशवसुतांनी सॉनेट मराठीत रुजविले. अरुण कोलटकरांची 'जेजुरी' 1976 मध्ये इंग्रजीत अवतरली. एका भाषेत पाय रोवून त्यांनी दुसरीत पाऊल टाकले.

तेव्हा पालकहो, इंग्रजी झेपेल. अकरावीचे पहिले काही महिने जड जातील, शब्दसंग्रह अपुरा पडेल, हे मी लपवीत नाही. परंतु ज्या मुलाला मातृभाषेत वाचण्याची आणि शंका घेण्याची सवय आहे, त्याला उणीव शब्दांची असते, विचारांची नव्हे. आणि शब्द मिळविता येतात. आठवीपासून रोज दहा मिनिटे त्याला एखादे सोपे इंग्रजी पुस्तक मोठ्याने वाचू द्या. गाइड मात्र घरात आणू नका.

माजी विद्यार्थ्यांनो, आज आपणही मागच्या बाकांवर बसला आहात. त्या गावातली माणसे शेवटच्या तासाला आली. आपण चालू तासाला या; महिन्यातून एकदा या मुलांसोबत एक पान वाचा. शाळेला याहून मोठी हीरक भेट नाही.