लहान बोलीवरचे डबल
(मंडळाच्या ब्रिज-वर्गापुढे केलेले भाषण)



वर्धापनदिनानिमित्त ब्रिजवर चार शब्द बोलावेत, अशी चिटणीसबाईंची आज्ञा झाली. आपल्या टेबलांवर मला नेहमी जाणवणाऱ्या एकाच गोष्टीविषयी मी बोलणार आहे. चार इस्पिक किंवा पाच चौकट या बोलींवर डबल द्यायला आपण कचरत नाही. पण प्रतिपक्षाने दोन चौकट म्हटले, की त्याच रंगाचे राजा-गुलाम जवळ असूनही आपण मुकाट्याने 'पास' म्हणतो. त्यांची बोली पुरी झाली तर काय, ही ती भीती. ती आकड्यांनीच मोजून पाहू.

प्रतिपक्ष व्हल्नरेबल असताना डबल दिलेल्या डावात त्यांना एक हात कमी पडला तर आपल्याला 200, दोन पडले तर 500 आणि तीन पडले तर 800 गुण मिळतात. उलट दोन चौकट त्यांनी केलेच, तर जोडस्पर्धेच्या हिशेबाने त्यांना 180 गुण मिळतात. डबल नसते तरी 90 मिळालेच असते. म्हणजे आपले नुकसान अवघे 90! दोन बदामांची गोष्ट मात्र निराळी. तेथे डबलमुळे त्यांचा गेम होतो आणि 110 च्या जागी 670 जातात. म्हणून किलवर-चौकटीवर धीटपणा चालेल. बदाम-इस्पिकावर एका हाताची जादा खात्री हवी.

आता खात्री कशाची? तीन गोष्टींची. त्यांच्या हुकमाची चार बरी पाने आपल्याजवळ हवीत, भिडूच्या रंगाचे एखादेच पान हवे आणि बाहेर एक-दोन एक्के हवेत. समजा, भिडूने एक इस्पिक म्हटले आणि उजवीकडच्या बाईंनी दोन चौकट. तुमच्याजवळ इस्पिकाची एक दुर्री, बदामाच्या एक्क्यासह चार पाने, चौकटीचे राजा, गुलाम, नव्वी, तिर्री आणि किलवरच्या एक्क्यासह चार पाने आहेत. त्या बाईंचे एक्का-राणी तुमच्या आधी पडणार, तुमचे राजा-गुलाम मागे बसलेले! येथे इस्पिकाची उतारी करावी. आणि भिडूच्या हाती डाव येताच तिने हुकूम खेळावा, म्हणजे डमीची बारीक हुकमे मारण्यासाठी उरत नाहीत.

भिडूच्या रंगाची चार पाने असतील, तर मात्र डबलचा मोह टाळावा. तिचे एक्का-राजा प्रतिपक्ष हुकमाने मारील. त्यापेक्षा आपलीच बोली वाढवलेली बरी.

अलीकडे पुष्कळजणी येथले डबल वेगळ्या अर्थाने वापरतात. 1957 साली आल्विन रॉथ आणि टोबियास स्टोन या अमेरिकन खेळाडूंनी 'न बोललेले रंग माझ्याजवळ आहेत' असा अर्थ त्याला दिला. त्याच वर्षी सुटलेल्या उपग्रहावरून त्याला 'स्पुटनिक डबल' हे नाव पडले. ही पद्धत ठरली असेल, तर वरच्या पानांवर तुम्ही पासच म्हणायचा. मग बोली फिरून भिडूकडे आली आणि तिच्याजवळ चौकट थोडी असली, तर तिने ओळखावे, की माझी भिडू दबा धरून बसली आहे. तिने डबल द्यावे, तुम्ही पास म्हणावे, आणि तीच शिक्षा होते. तेव्हा कोणते डबल कशाचे, हे पत्ते वाटण्यापूर्वीच ठरवून घ्या.

भगिनींनो, शेवटी डबल ही भिडूवरच्या विश्वासाची गोष्ट आहे. तुमचे डबल मोडून ती आपलाच लांब रंग बोलली, तर रागावू नका. तिची पाने तिलाच दिसतात. आणि एखादे वेळी डबल दिलेला डाव प्रतिपक्षाने केला, तर टेबलावर उणेदुणे काढू नका. ज्यांचे एकही डबल कधी फसत नाही, त्या फारच क्वचित डबल देतात, एवढाच त्याचा अर्थ. भिडू बोल लावील या धाकाने जिची बोली अडते, तिला हा खेळ कधीच साधत नाही. पुढच्या वर्षी आपल्या टेबलांवर हा धाक राहू नये, एवढी इच्छा व्यक्त करून मी आपली रजा घेते.