यानाचे बारसे

(मंडळाच्या वर्धापनदिनी, बालविभागाच्या नाटकापूर्वी केलेले भाषण)



या दिवशी कोणीतरी दोन शब्द बोलावेत असा आपला जुना प्रघात आहे. आजवर येथे आहार, बचत, मुलांचा अभ्यास अशा उपयुक्त विषयांवर भाषणे झाली. यंदा मी कशावर बोलणार हे ऐकून आमच्या शेजारणीने विचारले, "अहो, घरात मूल आले असते तर समजले असते. पुठ्ठ्याच्या यानाचे कसले बारसे करता?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्यासाठी मला थोडे अंतराळात आणि थोडे माझ्या सासरी जावे लागेल. दोन्हीकडून आपणास वेळेवर परत आणीन, एवढे वचन देते.

प्रथम नाटकाविषयी. गोष्ट मुलांनी स्वतः रचली आहे. एक यान पृथ्वीवरून दुसऱ्या एका ताऱ्याकडे निघते. प्रवास शंभर वर्षांचा. आता सूर्य सोडला तर आपल्याला सर्वांत जवळचा तारा सव्वाचार प्रकाशवर्षांवर आहे, आणि १९७७ साली सुटलेले पहिले व्हॉयेजर यान ज्या वेगाने चालले आहे त्या वेगाने तेवढे अंतर कापायला सत्तर हजारांहून अधिक वर्षे लागतील. तेव्हा शंभर वर्षे हा मुलांचा मोठाच आशावाद म्हणायचा! पण शंभर वर्षे धरली तरी जे निघतील ते पोचणार नाहीत. त्यांचा संसार यानातच होईल, मुले-नातवंडे तेथेच वाढतील, आणि पलीकडच्या भूमीवर पाय ठेवील ती चौथी पिढी.

अशा यानाला नाव काय द्यावे, हे आम्ही तिघी वडीलधाऱ्यांनी एका दुपारी चहा घेता घेता ठरवून टाकले. नाव 'पुष्पक'. दुसरे काही सुचायचे कारणच नव्हते. सोनेरी रंग आणला, पाटी रंगवली, वाळत ठेवली.

आपल्या भाषेत 'नाव ठेवणे' म्हणजे बारसे करणे आणि 'नावे ठेवणे' म्हणजे दोष काढणे. आम्ही पहिले केले, मुलांनी लगेच दुसरे केले. सातवीतली एक मुलगी पुढे येऊन म्हणाली, "आजी, पुष्पक मुळात कुबेराचे होते ना? रावणाने ते त्याच्याकडून हिसकावून घेतले. रामाने अयोध्येला पोचल्यावर ते परत पाठवून दिले. आमचे यान हिसकावलेले नाही, आणि ते परतही येणार नाही." तिच्यामागून एक मुलगा म्हणाला, "शिवाय ते नाव इस्रोने घेतले आहे." तेही खरे होते. पुन्हा वापरता येण्याजोग्या यानाचा जो नमुना इस्रोने २०२४ साली धावपट्टीवर उतरवून पाहिला, त्याचे नाव पुष्पकच.

लहान तोंडी मोठा घास, असे माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण रात्री अंथरुणावर पडल्यावर मला तांदळाचे ताट आठवले.

येथे बसलेल्या माझ्या वयाच्या पुष्कळ भगिनींना हे ताट ठाऊक आहे. लग्नात ताटात तांदूळ पसरले, यजमानांनी सोन्याच्या अंगठीने त्यात माझे नवे नाव लिहिले, पेढे वाटले गेले. नाव छानच होते. पण मला कोणी विचारले नव्हते. सासरी गेल्यावर सासूबाई स्वयंपाकघरातून हाका मारीत आणि मी माजघरात तांदूळ निवडीत स्वस्थ बसलेली असे. ती हाक मला आहे हेच लक्षात येत नसे. सून कानाने अधू आहे की काय, अशी शंका त्या बिचाऱ्यांना आली होती!

येथवर सारे हसण्यावारी गेले. पण दोन महिन्यांनी माझ्या वडिलांनी पत्र पाठवले आणि घाईत, हाताच्या सवयीने, त्यावर माझे माहेरचे नाव घातले. आमचा वाडा मोठा, बिऱ्हाडे अनेक. दारात कोणीतरी पोस्टमनला सांगितले, "या नावाचे येथे कोणी राहात नाही." सांगणाऱ्याची काही चूक नव्हती. पत्र परत गेले. आईला बरे नाही, चार दिवस येऊन जा, असे त्यात लिहिले होते. मला कळले तेव्हा पंधरा दिवस उलटून गेले होते. सुदैवाने आई त्या दुखण्यातून उठली. पण नाव कशासाठी असते, हे मी तेव्हा शिकले. आपल्या माणसांची हाक आपल्यापर्यंत पोचावी, यासाठी ते असते.

अंतराळातही हेच आहे. अमेरिकेत काही वर्षे यानांना नावे न देता उड्डाणाचे क्रमांकच वापरीत असत. मग मार्च १९६९ मध्ये अपोलो ९ निघाले. त्यात दोन याने होती आणि ती आकाशात एकमेकांपासून सुटी होणार होती. रेडिओवर हाक मारली तर ती कोणाला, हे कळायला नको का? म्हणून पुन्हा नावे आली. एकाचा आकार साखरेच्या गोळीसारखा, म्हणून ते 'गमड्रॉप'. दुसऱ्याला लांब लांब पाय, म्हणून ते 'स्पायडर', म्हणजे कोळी. नावे मुळीच भारदस्त नव्हती, पण हाकेला सोपी होती. आपल्या पहिल्या चांद्रमोहिमेसाठीही आधी 'सोमयान' हे नाव योजले होते. त्या वेळचे पंतप्रधान अटलबिहारी वाजपेयी यांच्या सूचनेवरून ते 'चंद्रयान' झाले आणि २००८ साली त्याच नावाने आकाशात गेले. सोम आणि चंद्र यांचा अर्थ एकच. पण चंद्राला तान्हे मूलसुद्धा ओळखते.

मंगळावर १९९७ साली एक छोटी गाडी उतरली. तिचे नाव 'सोजर्नर'. हे नाव सुचवले अमेरिकेतील एका बारा वर्षांच्या मुलीने, निबंधस्पर्धेत. मुलांनी इतिहासातील एखाद्या कर्तबगार स्त्रीचे नाव सुचवायचे होते. या मुलीने सोजर्नर ट्रूथ ही स्त्री निवडली. ती न्यूयॉर्क राज्यात गुलामगिरीत जन्मली होती आणि तिचे नाव इझाबेला होते. गुलामगिरीतून सुटल्यावर, १८४३ साली, तिने आपले नाव आपणच ठेवले. सोजर्नर म्हणजे वाटेत मुक्काम करीत जाणारी प्रवासी. पुढे ती गावोगाव फिरून गुलामगिरीविरुद्ध आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी बोलत राहिली. एका स्त्रीने स्वतःसाठी निवडलेले नाव असे मंगळाच्या मातीवर फिरून आले.

आता शेजारणीच्या प्रश्नाकडे वळते. यान खोटे, मग नावाचा एवढा खल कशाला? १९६६ साली अमेरिकेत 'स्टार ट्रेक' नावाची दूरदर्शनमालिका सुरू झाली. त्यातील काल्पनिक यानाचे नाव 'एंटरप्राइज'. दहा वर्षांनी तेथील पहिले खरे स्पेस शटल बांधून तयार होत आले, तेव्हा त्याला 'कॉन्स्टिट्यूशन' हे नाव द्यायचे घाटत होते. पण मालिकेच्या चाहत्यांनी पत्रांचा पाऊस पाडला, आणि १९७६ साली खऱ्या यानाला खोट्या यानाचे नाव मिळाले. ते शटल केवळ चाचण्यांपुरते उडाले, अंतराळात कधी गेले नाही, ही गोष्ट वेगळी. पण मुले आज खेळात जी नावे घेतात ती उद्या कोठे लिहिली जातील याचा नेम नाही.

दुसऱ्या दिवशी मी मुलांना म्हटले, "यानातून तुम्ही जाणार, तेव्हा नाव तुम्हीच ठरवा. माझ्या दोनच अटी. हाकेला सोपे हवे, आणि आपल्या यानाच्या कामाला शोभणारे हवे." मुलांनी तासभर भांडण केले. गरुड, टिटवी, ध्रुव, आणखी कितीतरी नावे निघाली आणि पडली. शेवटी त्याच सातवीतल्या मुलीने सांगितले, "पणती."

आमच्यातील एकजण म्हणाली, "अगं, दिवाळी नसताना पणती कशाला?"

"तसली नाही, आजी. पणतू-पणतीमधली पणती. निघेल ती पोचणार नाही, तिची पणती पोचेल. म्हणजे हे यान तिचेच ना?"

आम्ही तिघी एकमेकींकडे पाहात राहिलो. एवढ्या काळोखात निघालेल्या यानाला दिव्याची पणतीही काही वावगी नाही, हे मागाहून सुचले. पुष्पकाच्या पाटीवर पुन्हा रंग लावला आहे. जवळून पाहिलेत तर खालचे सोनेरी 'पु' अजून थोडे दिसते. ते आमच्या उतावळेपणाची खूण म्हणून राहू दे.

भगिनींनो, जाता जाता अध्यक्षबाईंना एक विनंती करते. आपल्या मंडळाच्या सभासदांच्या पटात सासरच्या नावाशेजारी माहेरच्या नावाचा एक रकाना असावा. सक्ती कोणावर नको. जिला वाटेल तिने तो भरावा. पहिली नोंद माझी करीन. त्या नावाने हाक मारणारी माणसे माझ्या आयुष्यात आता फार उरलेली नाहीत. पण उद्या कोणी विचारीत आले, तर या नावाचे येथे कोणी नाही, असे आपल्या दारातून कोणाला सांगितले जाऊ नये.

आता पडदा उघडेल, आणि पृथ्वीवरून पहिली हाक जाईल: "पणती, ऐकते आहेस ना?" उत्तर काय येते ते मुलांच्याच तोंडून ऐका.