पावलं किती झाली?

(दहावी १९९६ च्या स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांनी सांगितलं, "तू सॉफ्टवेअरवाली आहेस, त्या हातातल्या घड्याळांबद्दल बोल. पण दहाच मिनिटं." समोर बघते तर निम्म्या मनगटांवर ती घड्याळं आहेतच, आणि मघाशी सत्कार चालू असताना चार-पाच जणांनी गुपचूप पावलंही बघून घेतली. पीटीचे सर इथे बसलेत. सर, तुम्ही मैदानाला दोन फेऱ्या मारायला सांगितल्या की ज्यांच्या पोटात दुखायचं, तीच मुलं आता पहाटे साडेपाचला गोल्फ क्लब मैदानावर भेटतात. तुम्हाला जे जमलं नाही ते घड्याळानं करून दाखवलं, त्याचं श्रेय त्याला द्यायलाच हवं.

या श्रेयाला आकडाही आहे. २०२२ मध्ये 'लॅन्सेट डिजिटल हेल्थ' या नियतकालिकात आधीच्या बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता. अशी उपकरणं वापरणारी माणसं दिवसाला साधारण १,८०० पावलं जास्त चालतात, आणि वजन सरासरी एक किलोनं कमी होतं. किलोचं सोडा, पण रोजची १,८०० पावलं म्हणजे सव्वा किलोमीटरच्या आसपास झालं. ज्याला सोफ्यावरून उठायचा कंटाळा, त्याच्यासाठी हे थोडं नाही.

आता आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपबद्दल. रात्री दहाला तिथे यादी लागते, कोणाची किती पावलं झाली त्याची. दहा हजाराच्या वर असेल त्याला टाळ्या, खाली असेल त्याला हसरे चेहरे. हा दहा हजारांचा आकडा कोणत्या डॉक्टरनं काढला, असं मला बरेच जण विचारतात. तो आला दुकानातून. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर जपानमध्ये व्यायामाची हवा होती. १९६५ मध्ये तिथल्या एका कंपनीनं कमरेला लावायचं पावलं मोजण्याचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नाव 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलं मोजणारं. लक्षात राहणारा गोल आकडा होता, तो चिकटला. पुढे २०१९ मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी सरासरी ७२ वर्षांच्या सोळा हजारांहून जास्त अमेरिकन स्त्रियांची पावलं मोजली. दिवसाला २,७०० पावलं चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचं प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी दिसलं, आणि साडेसात हजारांच्या पुढे फायदा वाढताना दिसला नाही. बाईंना विशेष सांगते, कारण मघाशी त्या म्हणाल्या, "माझी चारच हजार होतात गं." बाई, चार हजार चांगली आहेत.

आपल्याकडे तर शंभराचाच आकडा होता, शतपावली. जेवणानंतर थोडं चाललं की रक्तातली साखर कमी चढते, हे आता प्रयोगांतही दिसलंय. ती यादीत टाकायला मात्र कोणी तयार नसतं.

ही मोजणी होते कशी, तेही सांगते, कारण माझा धंदाच तो आहे. घड्याळाला पाय दिसत नाहीत. त्याच्या आत हालचाल ओळखणारा एक बारीक तुकडा असतो. मनगट कोणत्या दिशेला, किती जोरानं हललं एवढंच तो सांगतो, आणि त्या झोक्यांवरून एक प्रोग्रॅम ठरवतो की हे पाऊल असावं. 'असावं' हा शब्द महत्त्वाचा. पोळ्या लाटताना माझी पावलं वाढलेली मी पाहिली आहेत. उलट रविवार कारंजावरून दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या धरून पंचवटीपर्यंत चालत गेले, तर निम्मी गळली, कारण हात हललेच नाहीत. नाडीचं त्यामानानं बरं असतं. मागचा हिरवा दिवा त्वचेवर पडतो, रक्त तो शोषून घेतं, आणि प्रत्येक ठोक्याला परत येणारा प्रकाश कमीजास्त होतो, तो मोजला जातो. पण कॅलरी? २०१७ मध्ये स्टॅनफर्डमध्ये सात उपकरणं तपासली. त्यातल्या सगळ्यात चांगल्याचाही कॅलरीचा अंदाज सरासरी २७ टक्क्यांनी चुकला. आणि आपण त्या कॅलरींच्या भरवशावर रविवारी मिसळीला जातो, वर जिलबी! पिट्सबर्गला ४७१ तरुण माणसांवर दोन वर्षं प्रयोग झाला, तो २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांना आहार आणि व्यायामाचा सल्ला दिला होता, त्यातल्या निम्म्यांना वर उपकरणही दिलं. उपकरणवाल्यांचं वजन साडेतीन किलोनं उतरलं, बिनउपकरणवाल्यांचं ५.९ किलोनं. कारण मला विचाराल तर मिसळच.

हसण्यावारी नेण्यासारखी गोष्ट इथे संपते.

आपल्यातली एक मैत्रीण पिठाची गिरणी चालवते. सकाळी आठ ते रात्री आठ ती उभी असते, डबे उचलते, पोती सरकवते. तिच्या मुलानं हौसेनं तिला बँड आणून दिला. ग्रुपच्या यादीत तिची पावलं दोन-अडीच हजार, रोज शेवटचा नंबर. पंधरा दिवस तिनं हसरे चेहरे बघितले, मग आकडे टाकणं बंद केलं, मग ग्रुपवर बोलणंही. आपल्यातल्या सगळ्यात जास्त राबणाऱ्या बाईला आपण आळशी ठरवलं. तिच्या परवानगीनं हे बोलते आहे. आज ती आली आहे, तिसऱ्या रांगेत.

श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी आपल्यातले नऊ जण ब्रह्मगिरीच्या फेरीला गेले होते. पाऊस, चिखल, घसरणं, कोणीतरी दिलेला चहा, हे सगळं त्यांनी ग्रुपवर लिहिलं. पावलं कोणाची जास्त झाली, हे त्या रात्री कोणीच विचारलं नाही. मला ते फार आवडलं.

आणि आता आपला तो मित्र, ज्याच्यासाठी सकाळी आपण दोन मिनिटं उभे राहिलो. वहिनींनी मला सांगितलं, "हे तू सगळ्यांना सांग." तो रोज दहा हजार पूर्ण करायचा, एकही दिवस चुकवला नाही. शेवटचे दोन दिवस छातीत जळजळत होतं, जिना चढताना दम लागत होता. वहिनी म्हणाल्या डॉक्टरकडे जाऊ. त्यानं मनगट पुढे केलं: नाडी ७८, झोप चांगली, आठवड्याचं लक्ष्य पूर्ण. "बघ, सगळं ठीक आहे." त्याच रात्री तो गेला. घड्याळ खोटं बोललं नव्हतं. नाडी ७८ असेलही. पण हृदयाच्या रक्तवाहिनीत अडथळा आहे का, हे त्याला दिसत नाही. ईसीजी काढणाऱ्या महागड्या घड्याळांच्या माहितीपत्रकातसुद्धा लिहिलेलं असतं की हृदयविकाराचा झटका यावरून ओळखता येत नाही. छातीत दुखलं, जबडा किंवा डावा हात भरून आला, घाम फुटला, तर मनगटाकडे बघायचंच नाही. थेट दवाखान्यात जायचं, रात्रीचे दोन वाजले असले तरी.

साखरेचंही तसंच. सुई न टोचता साखर सांगतो म्हणणारी घड्याळं आणि अंगठ्या विकल्या जातात. त्यांवर विसंबू नका, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनानं फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला आहे. ग्रुपवर अशा घड्याळाची लिंक दोनदा आली होती, म्हणून सांगितलं.

आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीत, २०२३ साली आलेल्या, प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब आढळला. आपण आज साठजण आहोत, म्हणजे हिशेबानं वीसेक जण. त्यातल्या किती जणांना ते माहीत आहे?

तेव्हा दोन सूचना, संयोजकांशी बोलून ठेवलेल्या. रात्री दहाची यादी आजपासून बंद. ज्याला चालायचं आहे त्यानं रविवारी सकाळी साडेसहाला गोल्फ क्लब मैदानाच्या फाटकाशी यावं, गिरणी साडेआठला उघडते तोवर आपण परत येऊ. आणि आपल्या वर्गातली डॉक्टर मैत्रीण जेवणाच्या हॉलबाहेर रक्तदाबाचं यंत्र आणि साखर तपासायच्या पट्ट्या घेऊन बसली आहे. साखर जेवणाआधी बघायची आहे, म्हणून श्रीखंडाकडे जाण्याआधी तिच्या टेबलाशी रांग लावा. सर, बाई, पहिला नंबर तुमचा.