नको असलेले टपाल
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



चिटणीसबाईंनी आग्रह केला म्हणून आज आपणांपुढे उभी आहे. बोलण्यात काही चूक झाली तर सांभाळून घ्यावे. विषय आपल्या सर्वांच्या हातातला, म्हणजे फोनमधला आहे.

माझ्या मुलीने कॉलेजचा अर्ज भरण्यासाठी ई-मेल उघडला. ई-मेल म्हणजे पोस्टमनशिवाय येणारे टपाल. वर्षभरात त्यात शेकडो पत्रे साठली. कुणी कर्ज देतो, कुणी घरबसल्या नोकरी देतो. परदेशातली कोणी आजारी बाई आपली कोट्यवधींची इस्टेट माझ्या मुलीच्या नावे करून जाऊ इच्छिते. या बाईला साऱ्या जगात चंद्रपूरचीच मुलगी कशी सापडली, याचे मला मोठे नवल वाटले! मुलगी म्हणाली, "आई, यालाच स्पॅम म्हणतात." स्पॅम हे मुळात अमेरिकेतल्या डबाबंद मांसाचे नाव. न मागता सारखे तेच ते पानात वाढले जाते, अशा एका विनोदी नाटुकल्यावरून ते या टपालाला चिकटले. अशी पहिली जाहिरात 1978 सालच्या मे महिन्यात संगणक विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीच्या माणसाने सुमारे चारशे लोकांना धाडली, आणि तेव्हाही लोक चिडलेच होते.

आता कायद्याचे. अमेरिकेने 2003 साली या टपालासाठी वेगळा कायदा केला. त्यात जाहिरात पाठवण्याला बंदी नाही. पण पाठवणाऱ्याने आपला खरा पत्ता द्यावा, आणि घेणाऱ्याने "नको" म्हटले की दहा कामकाजाच्या दिवसांत थांबावे, असे बंधन आहे. आपल्याकडे ई-मेलसाठी असा स्वतंत्र कायदा नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या 66अ कलमात त्रासदायक व फसव्या ई-मेलचा उल्लेख होता, परंतु त्या कलमाने बोलण्याच्या स्वातंत्र्यावरच गदा येते म्हणून 2015 साली सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केले. न्यायालयाचे बरोबरच होते, पण आपल्या टपालाची कडी तेवढी निघाली. मात्र 66ड कलम कायम आहे. संगणक किंवा फोन वापरून दुसऱ्याचे सोंग घेऊन फसवले तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो.

फोन आणि एसएमएसच्या बाबतीत मात्र आपल्या हाती पुष्कळ काही आहे. दारावर भांडेवाली आली तर आपण "नको गं बाई" म्हणून दार लावतो. तसे दार लावण्याचा क्रमांक 1909 आहे. त्यावर फोन करावा, किंवा इंग्रजीत स्टार्ट लिहून, जागा सोडून, शून्य लिहून त्याच क्रमांकावर एसएमएस करावा. मग जाहिराती बंद होतात. बँकेत पैसे जमा झाल्याचे निरोप मात्र येत राहतात, त्याची काळजी नको. ट्राय या सरकारी संस्थेने 2018 साली याचे नियम केले आणि 2025 साली ते अधिक कडक केले. आता पाठवणाऱ्याच्या नावाशेवटी इंग्रजी पी अक्षर असेल तर ती जाहिरात समजावी, जी असेल तर सरकारी निरोप. साध्या दहा आकडी नंबरवरून कुणी जाहिरात केली तर सात दिवसांच्या आत 1909 वर तक्रार करता येते. त्यासाठी आधी नाव नोंदवलेले असण्याचीही अट राहिली नाही. तक्रारी वाढल्या की त्या माणसाची फोनची सेवा तोडतात.

व्हॉट्सअ‍ॅपवर मात्र हे नियम चालत नाहीत, आणि आपल्याकडे अनर्थ होतो तो बहुधा तिथूनच.

माझी धाकटी जाऊ धानोऱ्याकडे असते. उन्हाळ्यात पहाटे उठून जंगलात तेंदूची पाने तोडायची, दुपारी पुडे बांधायचे, अशी तिची कमाई. 2025 साली लाडकी बहीण योजनेसाठी ई-केवायसी सक्तीची झाली, त्या दिवसांत तिला निरोप आला: तुमचा हप्ता थांबला आहे, खालच्या ओळीवर दाबा. तिने दाबले. आधार क्रमांक भरला, आलेला ओटीपीही भरला. संध्याकाळपर्यंत खात्यातले नऊ हजार रुपये गेले.

तिने आठ दिवस कुणालाच सांगितले नाही. स्वयंपाक करी, पाणी भरी, आणि रात्री जागी राही. नवव्या दिवशी मला फोन आला, "ताई, यांना सांगू नका." आम्ही पोलिसांकडे गेलो. तिथल्या माणसाने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "त्याच दिवशी 1930 ला फोन का नाही केला?" 1930 हा अशा फसवणुकीसाठीच ठेवलेला सरकारी क्रमांक आहे. पैसे या खात्यातून त्या खात्यात पळवले जातात. ते शेवटी काढून घेण्याआधी खबर मिळाली तर बँकेला अडवून धरता येतात. आठ दिवसांनी अडवायला काय उरणार? तिचे पैसे परत आले नाहीत.

भगिनींनो, तिला 1930 माहीत नव्हते हे खरे. पण माहीत असते तरी तिने फोन केला असता का, हा प्रश्न मला पडतो. घरात "अक्कल कुठे गेली होती?" असे विचारतील ही भीती तिला चोरापेक्षा मोठी वाटली. माझ्या दिरांनाही मी हे तोंडावर सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण आता निरोप आला की दोघे मिळून वाचतात असे ती सांगते.

ती आज इथे, तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिने "सांगा" म्हटले म्हणूनच मी सांगितले. चहानंतर माझी मुलगी ओसरीवर बसेल. ज्यांना 1909 ची नोंद करायची असेल त्यांनी फोन घेऊन तिच्याकडे जावे, आणि 1930 हा आकडा ज्यांना लिहिता येतो त्यांनी शेजारणीच्या फोनमध्येही घालून द्यावा.