बंद पडलेली फटफटी



या व्याख्यानमालेत विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी नववी नापास. पुढचे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि कामगार न्यायालयाच्या व्हरांड्यात. चिटणीसांना वाटले होते, मी कामगार कायद्यांवर बोलेन. मी म्हणालो, "यंदा फटफटीवर बोलतो." ते जरा गप्प राहिले आणि म्हणाले, "बोला, पण लोक झोपले नाहीत म्हणजे झाले." तेव्हा झोप आली तर दोष माझा, फटफटीचा नव्हे.

आमचा कारखाना १९९७ साली बंद झाला. मी तेव्हा अठ्ठावीस वर्षांचा, युनियनचा नवा कार्यकर्ता, जिभेने तिखट. आमच्यात एक वयस्क फिटर होते. त्यांना सगळे तात्या म्हणत. तात्यांकडे १९६८ सालची जावा फटफटी होती. पहिल्या पाळीला ती गेटापाशी आली की भोंग्याआधी तिचा आवाज ऐकू येई. गेटसभेत मी टेबलावर उभा राहून सांगितले, "तीन महिन्यांत गेट उघडेल, हा माझा शब्द!" तात्यांनी त्या संध्याकाळी फटफटी घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये लावली, वर पोते टाकले आणि म्हणाले, "गेट उघडेल त्या दिवशी किक मारीन."

गेट उघडले नाही. देणी मिळाली ती कित्येक वर्षांनी, आणि तीही अर्धीमुर्धी. तात्या रात्री पहारा करीत आणि दिवसा लोकांचे पंप दुरुस्त करीत. ते वारल्यावर वहिनींनी मला बोलावले. म्हणाल्या, "भंगारवाला तीन हजार देतो म्हणतो. मी दिली नाही. त्यांनी ती तुमच्या शब्दावर ठेवली होती. आता तुम्हीच न्या." मंडळी, मी व्यवस्थापनाची पुष्कळ कडक पत्रे वाचली आहेत, पण त्या दोन वाक्यांना माझ्यापाशी उत्तर नव्हते. फटफटी टेम्पोत घालून घरी आणली.

या गाडीचे कूळ थोडक्यात सांगतो. यानेचेक नावाच्या चेक कारखानदाराने १९२९ साली वांडरर या जर्मन कंपनीचा मोटारसायकलींचा व्यवसाय घेतला. दोन्ही नावांची पहिली अक्षरे जोडून 'जावा' झाले. आपल्याकडे १९६१ पासून म्हैसूरच्या आयडियल जावा कारखान्यात ती तयार होऊ लागली. पुढे तिचेच नाव येझदी झाले. तो कारखाना १९९६ साली बंद पडला. सुमारे अडीचशे सीसीचे एका सिलिंडरचे टू-स्ट्रोक इंजिन, दोन बाजूंना दोन सायलेन्सर, आणि एकच दांडा जो आत दाबून वर फिरवला की किक होतो, खाली बसवला की गिअर. या दांड्याने नवशिक्यांच्या किती नडग्या फोडल्या असतील, याची मोजदाद नाही.

लोकांना वाटते, वापरून यंत्र झिजते. झिजते खरे, पण उभे राहून ते जास्त लवकर मरते. टाकीतले पेट्रोल उडून जाते आणि तळाशी लाखेसारखा चिकट थर राहतो. कार्बुरेटरची बारीक भोके त्याने बुजतात. सिलिंडर लोखंडाचा, पावसाळ्याची दमट हवा आत शिरली की पिस्टनच्या रिंगा त्याला गंजाने चिकटून बसतात. रबराची ऑइल सील वाळून दगडासारखी होतात.

पिस्टन अडकलेलाच होता. प्लग काढून त्या भोकातून मी डिझेल आणि इंजिन ऑइल ओतले. हे बरोबर केले. मग थांबायचे होते. मी तीन दिवस थांबलो आणि चौथ्या दिवशी किकच्या दांड्यावर लांब पाइप चढवून सगळा भार टाकला. पिस्टन हलला नाही. दांड्याचे दाते मात्र सपाट झाले. वाटाघाटींत मी तीस वर्षे घालवली. समोरचा अडला असेल तर जोर कुठे लावायचा नाही, हे मी इतरांना शिकवतो. घरच्या अंगणात ते विसरलो. मग पुन्हा तेल ओतले आणि बारा दिवस हात लावला नाही. तेराव्या दिवशी गाडी वरच्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हळूहळू पुढेमागे केले, तेव्हा आतून 'टक्' असा बारीक आवाज आला.

सिलिंडर घेऊन कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेलो. या गाडीचे पिस्टन पाव पाव मिलिमीटरने मोठे मिळतात. जितका गंज आत गेला तितके बोअरिंग करायचे आणि त्या मापाचा पिस्टन घालायचा. तिथल्या कारागिराने सिलिंडरात बोट घातले, नख एकदा वरून खाली ओढले आणि म्हणाला, "पावावर भागणार नाही, अर्धा लागेल." मग त्याने गेज लावून पाहिले. अर्धाच निघाला.

मी तिथे उभ्या उभ्या ओशाळलो. मी आयुष्यभर मागणीपत्रे लिहिली. त्यांत 'अकुशल, अर्धकुशल, कुशल' असे तीन रकाने असतात. तात्यांचे नाव मी तिसऱ्या रकान्यात घातले होते आणि त्यापुढे रुपये लिहिले होते. कुशल म्हणजे नेमके काय, हे त्यांना कधी विचारले नव्हते. श्रमाच्या प्रतिष्ठेवर मी तास तास बोललो आहे. पण पाना हातात धरला तो वयाच्या बावन्नाव्या वर्षी.

तेव्हा आपल्यापैकी कुणाच्या शेडमध्ये अशी गाडी असेल, तर माझ्या चुकांवरून चार गोष्टी घ्या. सुटा केलेला प्रत्येक भाग वेगळ्या डब्यात ठेवा, डब्यावर चिठ्ठी लावा आणि खोलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो घ्या. गंजलेला बोल्ट एकदम ओढू नका. थोडा सैल, थोडा घट्ट, पुन्हा सैल, असा काढा, नाहीतर मुंडके तुटून हातात येते. रिकाम्या टाकीत पेट्रोलची वाफ असते. म्हणून तिच्याजवळ वेल्डिंग नको, विडीही नको. टाकी धुऊन तिच्यात व्हिनेगर आणि मूठभर नट घालून हलवा, काही दिवस तसेच ठेवा, मग सोड्याच्या पाण्याने धुऊन लगेच वाळवा आणि आतून तेल फिरवा. जुन्या ब्रेकच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ड्रम उघडून आतली धूळ तोंडाने फुंकू नका; ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके बंद पिशवीत टाका. ही धूळ फुप्फुसात बसते आणि तिचा हिशेब वीस-तीस वर्षांनी मागते. अशा माणसांच्या नुकसानभरपाईचे अर्ज मी स्वतः लिहिले आहेत.

कागदपत्रांचेही सांगतो. पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेल्या आणि मूळ रूप राखलेल्या गाड्यांसाठी केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये वेगळे नियम केले. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांचा क्रमांक मिळतो. मात्र ती रोजच्या कामाला वापरता येत नाही. प्रदर्शन, जुन्या गाड्यांची फेरी, इंधन आणि दुरुस्ती यांपुरती ती रस्त्यावर आणता येते. तेव्हा चकचकीत करण्याच्या भरात इंजिन आणि चासीवरचे आकडे घासून टाकू नका. तीच तिची जन्मपत्रिका.

चकचकीत करण्याचा मोह मलाही झाला. ब्रेकचा पायटा काढला तेव्हा त्याच्या भोकात एक पितळी बुश सापडले. कंपनीचे नव्हे, हाताने केलेले. त्यावर कानशीच्या बारीक, एका दिशेच्या रेषा होत्या. मी ते तेलाने पुसून पिनेवर चढवले. ना सैल, ना घट्ट. तात्यांनी ते कधी केले असेल, कुणास दाखवलेही नसेल. तेथे कुणी पाहणार नव्हते, तरी कडा घासून गोल केलेल्या होत्या. मी सगळे नवे घालायचे ठरवले होते; ते बुश पुन्हा त्याच जागी बसवले.

दीड वर्ष लागले. सहा व्होल्टची बॅटरी नवी घातली, कारण हिच्या प्लगला ठिणगी बॅटरीवर मिळते. पॉइंट घासून फिलर गेजने अंतर लावले. पेट्रोलमध्ये तेल मिसळले. वहिनी एसटीने आल्या, बरोबर आयटीआयत शिकणारी नात. अकराव्या किकेला इंजिन धरले आणि गल्ली पांढऱ्या धुराने भरली. शेजाऱ्यांनी खिडक्या लावल्या. वहिनी पदर नाकाला लावून ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आवाज तोच आहे. पण त्यांची गाडी इतका धूर काढीत नसे."

त्यांचे खरे होते. डाव्या बाजूचे ऑइल सील मी वरवर पाहून तसेच सोडले होते. टू-स्ट्रोक इंजिन पोटातून श्वास घेते. ते सील गेले की श्वासाबरोबर बाजूचे तेलही ओढते आणि जाळते. झाकण, साखळी, क्लच, सगळे पुन्हा खोलले. या वेळी पाना नातीच्या हातात होता आणि मी डब्यांवर चिठ्ठ्या लावीत होतो. सील बदलल्यावर धूर निवला. फटफटी आता वहिनींच्या घरी आहे. पोते काढून टाकले आहे.

माझा शब्द यात पुरा झाला, असे मी म्हणणार नाही. फटफटी सुरू करणे म्हणजे कारखाना सुरू करणे नव्हे. चारशे माणसांची चूल त्या धुराने पेटली नाही. एवढेच झाले, की ज्या हातांच्या नावाने मी आयुष्यभर बोललो, ते हात काय जाणत होते याची थोडी ओळख झाली. तीही ते हात गेल्यावर.

म्हणून आपल्याकडे एकच मागणे. घरात, वाड्यात, गोदामात असे एखादे यंत्र पडले असेल, तर पोते उचलण्यापूर्वी ते चालवणारा, दुरुस्त करणारा माणूस हयात आहे का पाहा. असेल तर त्याला बाहेर आणा, खुर्ची द्या, चहा द्या आणि विचारा. यंत्र आणखी वर्षभर थांबेल. माणूस थांबेलच असे नाही.