सरकी आपली, साबण दुसऱ्याचा
(जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



एक क्विंटल कापूस जिनिंगमध्ये गेला की रुई निघते ३४ किलोच्या आसपास. बाकी जवळजवळ सगळी सरकी. सरकीचे तेल निघते. तेल शुद्ध करताना खाली गाळ बसतो आणि तो साबणाच्या कारखान्यात जातो. म्हणजे आपल्याच कापसाचा गाळ, वास लावून, रंगीत कागदात गुंडाळून, बाजाराच्या दिवशी आपण विकत आणतो. विकताना भाव समोरचा सांगतो, घेतानाही समोरचाच सांगतो.

म्हणून आमच्या आठ घरांनी ठरवले, साबण करून तर पाहू. आधी म्हाताऱ्या बायांना विचारले. त्यांच्या वेळी डोक्याला शिकेकाई-रिठा आणि कपड्यांना पऱ्हाटीच्या राखेचे निवळलेले पाणी. राखेतल्या पालाशाच्या खाराने तेलाचा साबण होतो, ही गोष्ट खरी. पण तो मऊ राहतो, वडी धरत नाही. आणि राखेचा जोर दर चुलीला वेगळा. म्हणून आम्ही कॉस्टिक सोडा आणला.

पहिल्या खेपेला सोडा अंदाजाने टाकला. धुणे धुताना बायांच्या हातांची सालटे निघाली. ती चूक आमची. भाजीत मीठ अंदाजाने चालते, साबणात सोडा चालत नाही. तेव्हापासून आम्ही तराजू घेऊन बसतो.

माप लिहून घ्या. खोबरेल ३०० ग्रॅम, सरकीचे तेल ४०० ग्रॅम, निंबोळीचे तेल ३०० ग्रॅम. कॉस्टिक सोडा १४० ग्रॅम, पाणी ३३० ग्रॅम. तेलसुद्धा वजनानेच घ्यायचे. तेल बदलले की सोड्याचे मापही बदलते.

सोडा पाण्यात थोडा थोडा टाकायचा. सोड्यावर पाणी कधीच ओतायचे नाही, ते उसळून अंगावर येते. भांडे स्टीलचे घ्या. ॲल्युमिनियमचे पातेले सोडा खाऊन टाकतो. काम उघड्यावर करा, हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा. लेकरे आणि जनावरे लांब. सोड्याचे पाणी पिण्याच्या पाण्यासारखेच दिसते, ते क्षणभरही राखणीशिवाय ठेवू नका. अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवत राहा. डोळ्यात गेले तर धुऊन लगेच दवाखाना गाठा.

दोन्ही कोमट झाले की सोड्याचे पाणी तेलात ओतून लाकडी दांड्याने ढवळायचे. पिठल्यासारखे दाट झाले की प्लास्टिकचा कागद घातलेल्या खोक्यात ओतायचे. एक-दोन दिवसांनी, घट्ट झाल्यावर, मोजे घालूनच वड्या कापायच्या आणि सावलीत, वाऱ्यावर ४ ते ६ आठवडे ठेवायच्या. घाई केली तर अंगाची आग होते. वाळल्यावर १०० ग्रॅमच्या बारा-तेरा वड्या होतात. निंबोळीचा उग्र वास राहतो, तो सोसावा लागतो.

आता हिशेब. निंबोळी बांधावरची असेल आणि तेल घाण्यावर काढून घेतले, तर काही वाचते. सगळीच तेले दुकानातून आणली, तर फारसे वाचत नाही. घरापुरता खुशाल करा. अंगाचा साबण विकायचा तर परवाना काढावा लागतो.

साबणाने कापसाचा भाव वाढणार नाही, कर्जही फिटणार नाही. असे कोणी सांगितले तर विश्वास ठेवू नका. पण सरकीची वडी होईपर्यंत कुठे किती पैसा वाढतो, हे आमच्या बायांना आता तोंडपाठ आहे. पुढच्या हंगामात व्यापाऱ्यासमोर कापसाची गाडी उभी राहील, तेव्हा भावाचे बोलायला त्याही सोबत येणार आहेत.