नमुना नाल्याच्या खाली घ्या

आज पदवी घेणाऱ्या मुलामुलींनो,

तुमचं आणि तुमच्या आईवडिलांचं अभिनंदन. मंडपात पंखे कमी आहेत, म्हणून ते एवढ्यावरच आटोपतो. माझं आयुष्य पाण्याचे नमुने तपासण्यात गेलं. असा माणूस माईकसमोर आला की जुन्या बाटल्या काढणारच.

नांदेड शहर विष्णुपुरीहून पाणी उचलतं. वापरून झालं की नाले तेच पाणी घाटांच्या अंगाला गोदावरीत आणून सोडत. पाण्यातला प्राणवायू मोजायचा तर नदीकाठीच बाटलीत दोन रसायनं टाकावी लागतात. प्राणवायू असेल तर तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो. एकदा नाल्याच्या तोंडाखाली बाटली भरली. साका पांढराफेक! सोबतचे साहेब खूश. म्हणाले, "बघा, किती स्वच्छ आलं!" मी म्हटलं, "साहेब, यात मासा जगणार नाही." त्यावर ते शांतपणे म्हणाले, "मग जरा वरच्या अंगाला भरा की."

नाव सांगत नाही. तसे साहेब पुढे बरेच भेटले. जलप्रदूषणाचा कायदा 1974 चा, नदी तीच. बाटली शंभर पावलं वर सरकली की कागदावर सगळं निर्मळ.

प्रयोगशाळेची कथा तर विचारूच नका. बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाते ते मोजायची, बाटली तीन दिवस 27 अंशांवर ठेवायची असते. आमच्याकडे भारनियमन. लाईट कधी येईल याचा नेम नाही, आणि साहेबांना रिपोर्ट उद्या सकाळी टेबलावर हवा! तीन दिवसांची चाचणी एका रात्रीत करणारे लोकही मी पाहिले. त्यांना बढत्या मिळाल्या.

लातूरकर इथे असतीलच. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. आधी दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पुढे पन्नास वाघिणी, 25 लाख लिटर. साऱ्या देशानं ते लिटर मोजले. आमच्या धंद्यात ढोबळ हिशेब असा, की शहरात आलेल्या पाण्यातलं 80 टक्के सांडपाणी होतं. म्हणजे पन्नास वाघिणींच्या एका गाडीमागे 20 लाख लिटर. ते कुठं गेलं, हे मला एकाही पत्रकारानं विचारलं नाही.

गोदावरीवरच्या बाभळी बंधाऱ्याचंही तेच. 2013 मध्ये सुप्रीम कोर्टाचा निकाल आला: बंधाऱ्याची दारं 1 जुलै ते 28 ऑक्टोबर उघडी, 1 मार्चला 0.6 टीएमसी खाली सोडायचं. किती सोडायचं यावर दोन राज्यं वर्षानुवर्षं भांडली. कसलं सोडायचं, यावर कुणी भांडल्याचं मला आठवत नाही.

लंडनची थेम्स आपल्यापेक्षा वाईट होती. 1858 च्या उन्हाळ्यात तिचा वास पार्लमेंटात शिरला, तेव्हा कुठं गटारांसाठी कायदा झाला, पैसा निघाला. गरिबांची मुलं पटकीनं मरत होती तोवर चर्चाच चालली होती. आपल्या विधानभवनापासून गोदावरी लांब आहे, हीच अडचण.

आणि वास येतो तेच पाणी वाईट, असंही नाही. किनवटकडे फ्लोराइडनं दात पिवळे पडलेली पोरं पाहिली. हापशाचं पाणी काचेसारखं नितळ. बांगलादेशात तळ्यांचं घाण पाणी नको म्हणून कूपनलिका घेतल्या, त्यात आर्सेनिक निघालं. डोळ्यांवर विश्वास ठेवला की फसगत ठरलेली. म्हणून तपासणी लागते, आणि ती खरी लागते.

तुमच्यातले काहीजण प्रदूषण मंडळात लागतील, काही जीवन प्राधिकरणात, काही साखर कारखान्याच्या लॅबमध्ये. पगार बरा असेल, साहेब गोड बोलतील. रिपोर्ट सहीला आला की एवढंच विचारा: बाटली नाल्याच्या वर भरली की खाली? वर भरली असेल तर सही करू नका.